दादाच्या बागेला कोण पाणी घालतं

माझा दादा कुणावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हता. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. अंबडच्या एका कारखान्यात तो तपासणी विभागात होता. मशीनवरून आलेला पार्ट गेजमध्ये घालून बघायचा, बसला तर पुढे पाठवायचा, नाही बसला तर लाल क्रेटमध्ये टाकायचा, हे त्याचं आयुष्यभराचं काम. ती खोड घरीही सुटली नाही. पेट्रोल भरताना पंपाच्या आकड्यांवर डोळे रोखून उभा राहायचा. औषधाच्या दुकानात पाकिटावरची तारीख पुन्हा पुन्हा वाचायचा. माझ्या लग्नात तर त्याने नवरदेवाच्या चपला उलट्या करून तळ बघितला होता, माणूस पाय घासत चालतो का म्हणून. मी इतकी चिडले होते की मांडवात त्याच्याशी बोललेच नाही.

अशा माणसाने विश्वास टाकला तो मोबाइलमधल्या एका गेमवर. कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी त्याला दाखवला. प्रत्येकाला एक बाग मिळते, झाडं लावायची, पाणी घालायचं, शेजाऱ्याच्या बागेत डोकावून यायचं. बस. मारामारी नाही, हरणं-जिंकणं नाही. बागेच्या फाटकाला एक पाटी असते, आलेल्या माणसाने तिच्यावर दोन ओळी लिहायच्या. दादाने मलाही ओढलं. मी राहते शहरातल्या द्वारका चौकाजवळ, खाली दिवसभर हॉर्न, वर शाळेतल्या पोरांवर ओरडून बसलेला घसा. मी म्हटलं, मला घरच्या कुंडीतली तुळस जगवता येत नाही, तिथे मोबाइलमधली कुठून जगवू? पण त्याच्या बागेला लागून माझी बाग झालीच. रोज संध्याकाळी तो माझ्या पाटीवर लिहायचा, ‘काय गं, दमली का?’ मी लिहायचे, ‘ठणठणीत आहे.’ समोरासमोर आम्ही बहीणभाऊ इतकं धड कधी बोललो नव्हतो.

आता दादाचा विश्वास का बसला ते ऐका. एकदा गेममध्ये काहीतरी बिघडलं आणि एका रात्रीत सगळ्यांच्या बागा वाळल्या. दादा भयंकर संतापला, म्हणाला, आता हे लोक काहीतरी फुकटचं हातावर ठेवून तोंड बंद करतील. सकाळी कंपनीची सूचना आली. चूक आमची आहे, काय चुकलं ते असं असं, तुमचं प्रत्येक झाड होतं तिथे परत ठेवलं आहे. फुकटचं काही नाही. दादाने आपली सगळी झाडं तपासली. एकही इकडचं तिकडे झालेलं नव्हतं. शिवाय ते लोक कुंपणं, बाकडी, पताका असलं सजावटीचं सामान विकायचे, पण झाड वाढेल असं काही कधीच विकायचे नाहीत. झाडाला वेळच द्यावा लागेल, असं त्यांनी पहिल्याच दिवशी लिहिलं होतं. दादाला ते फार आवडायचं.

मग द्वारकेच्या गर्दीत त्याचा मोबाइल चोरीला गेला. नवा घेतला, पण जुना पासवर्ड आठवेना. त्याने मोडक्यातोडक्या इंग्रजीत कंपनीला लिहिलं. तिकडून उत्तर आलं ते चक्क माणसाचं. त्या माणसाने विचारलं, तुमच्या फाटकाशी कोणतं झाड आहे? पाणी घालायला तुम्ही कुठून सुरुवात करता? शेजारणीच्या पाटीवर शेवटचं काय लिहिलंत? दादाने उत्तरं दिली. फाटकाशी चाफा. पाणी मागच्या भिंतीपासून, चाफ्याला सगळ्यात शेवटी. आणि पाटीवर, ‘काय गं, दमली का?’ बाग परत मिळाली. त्या दिवशी तो माझ्याकडे पेढे घेऊन आला. म्हणाला, बघ, आपण कसे आहोत हे त्यांना ठाऊक आहे. मलाही कौतुकच वाटलं होतं तेव्हा.

दादा गेला तो कारखान्यातच, उभ्या उभ्या. काही कळायच्या आत. त्याचं जाणं इथे लिहायला मला जमणार नाही, तेव्हा ते राहू दे.

दहाव्याला आम्ही गंगेवर, म्हणजे आमच्या इथल्या नदीवर, गेलो. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. झाडावर बसलेले होते, खाली बघत होते, पण येईनात. आमच्याकडे असं झालं की घरचे लोक एकेक करून पुढे होतात आणि गेलेल्या माणसाला शब्द देतात. वहिनीने हात जोडून सांगितलं, बाबांना अंतर देणार नाही. बाबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, कळवणच्या मळ्याचं सांगितलं. चुलत्यांनी काय काय सांगितलं. कावळा ढिम्म. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. मला तोवर उन्हाची तिरमिरी आणि रडं आणि चीड सगळं एकदम आलं होतं. मी पुढे झाले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, दादा, तुझी मोबाइलमधली बाग मी वाळू देणार नाही, रोज पाणी घालीन, पुरे आता. लोक माझ्याकडे बघायला लागले. आणि कावळा खाली आला.

कावळा भुकेला होता, असं मी नंतर कितीदा तरी स्वतःला सांगितलं. पण वहिनीच्या मनात ते पक्कं बसलं. तिच्या नवऱ्याचा जीव त्या बागेत अडकला होता, आणि बाग जगली तर तो सुखी, एवढं सरळ. पुढे ती कळवणला बाबांजवळ राहायला गेली. जाताना दादाचा मोबाइल माझ्या हातात ठेवला. मी तिच्या मोबाइलवरही गेम टाकून दिला, दादाच्या पलीकडची बाग घेऊन दिली. ती रोज संध्याकाळी माझ्या पाटीवर लिहायची, पाणी घातलं का. मी लिहायचे, घातलं. सुट्टीत कळवणला गेले की तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसायचं. जेवत होती, हसत होती. त्या एका शब्दावर ती उभी होती, आणि तो शब्द मी दिलेला होता.

मधे कधीतरी ती कंपनी दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. गेमचा रंग बदलला, नवे नियम आले, ‘मान्य’ असं बटण आलं. मी दोन्ही मोबाइलवर अंगठा दाबून मोकळी झाले. कोण वाचतं ते सगळं?

त्यानंतर एका संध्याकाळी दादाचा मोबाइल उघडला तर बागेला पाणी घातलेलं होतं.

आधी वाटलं, सकाळी मीच घातलं असेल. दुसऱ्या दिवशी मुद्दाम लक्षात ठेवून उघडला. पुन्हा तेच. त्या गेममध्ये पाणी घातलं की माती काळी दिसते आणि हळूहळू सुकत फिकी होत जाते. मागच्या भिंतीकडची माती फिकी व्हायला लागली होती. पुढची काळी होती. चाफ्याखालची तर नुकतीच भिजल्यासारखी चकाकत होती. म्हणजे कुणीतरी मागून सुरुवात करून चाफ्यापाशी संपवलं होतं आणि आत्ताच फाटकातून बाहेर पडलं होतं. गॅसवर भाजी करपली तरी मला वास आला नाही.

वहिनीला फोन करून विचारलं, तू घातलंस का? तिला दुसऱ्याच्या खात्यात शिरायचं कसं हेच ठाऊक नव्हतं. नवऱ्याला विचारलं, तो म्हणाला, तुझ्या त्या बागेत मी कशाला मरायला जाऊ. मी पासवर्ड बदलला. दादाचा मोबाइल बंद केला आणि कपाटात साड्यांखाली ठेवला. मग माझ्या मोबाइलवर माझी बाग उघडली. दादा माझ्या बागेत उभा होता. त्याच्या बाहुलीची ती निळी टोपी, पाठ माझ्याकडे, तोंड भिंतीकडे. मी जवळ गेले तरी वळला नाही. थोड्या वेळाने सावकाश फाटकापाशी गेला आणि पाटीवर लिहिलं, ‘काय गं, दमली का?’

मी मोबाइल फेकून दिला. गादीवर पडला म्हणून वाचला.

खोटं कशाला बोलू, भीती वाटली तितकाच आनंदही झाला. शाळेत मुलांना अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावणारी बाई मी, आणि संध्याकाळ कधी होते याची वाट बघायला लागले. वहिनीला सांगावं की नाही याचा विचार करत होते, तोवर तिचाच फोन आला. तिच्याकडेही तो आला होता. तिच्या पाटीवरही त्याने लिहिलं होतं, दमली का. वहिनी फोनवर रडत होती आणि हसत होती. म्हणाली, जित्तेपणी त्यांनी हे मला एकदाही विचारलं नव्हतं.

खरंच विचारलं नव्हतं. ते वाक्य माझं होतं. गेममध्ये दादाने ते फक्त मला लिहिलं होतं, वहिनी तेव्हा गेममध्ये नव्हतीच. माझ्या मनात तिथे काहीतरी खटकलं, गेजमध्ये पार्ट न बसावा तसं. पण तिचा आवाज इतका भरून आला होता की माझी जीभ उचलली नाही.

मग मला डेंग्यू झाला. ताप उतरेना, प्लेटलेट खाली जायला लागल्या, दवाखान्यात दाखल केलं. मोबाइल घरीच राहिला, आणि असता तरी उचलायची ताकद नव्हती. शाळेतल्या बाया आल्या, शेजारी आले, नणंद पार मालेगावहून डबा घेऊन आली. वहिनी आली नाही. नवऱ्याने तिला कळवलं होतं. मी रोज दाराकडे बघायचे. तिच्या नवऱ्याच्या बागेसाठी मी जिवाचं रान करते आणि हिला दोन तास एसटीत बसवत नाही, असं मनात घोळवत मी त्या कॉटवर पडून रुसले. ताप कमी झाला तरी राग कमी होईना.

अंगात जरा त्राण आल्यावर मी पहिली कळवणची गाडी पकडली. भांडायलाच गेले होते. दुपारची वेळ, बाबा आत झोपलेले, वहिनी घरापुढच्या ओट्यावर शेंगा फोडत बसलेली. मला बघून तिचा चेहरा एकदम पडला. एवढ्या वाळल्या कशा, म्हणाली. मी अंगणातूनच सुरुवात केली. मी मरणाच्या दारात होते आणि तू साधी फिरकली नाहीस, वगैरे, तोंडाला येईल ते बोलले.

“ताई, तुम्हीच तर नको म्हटल्या,” ती म्हणाली.

तिला वाटलं मी तापात विसरले. तिने आतून मोबाइल आणला आणि आपल्या बागेची पाटी उघडून दाखवली. माझ्या नवऱ्याचा फोन आल्यावर तिने लगेच मला तिथे विचारलं होतं, कारण माझा नवरा साध्या शिंकेनेही घर डोक्यावर घेतो हे तिला माहीत आहे. खाली माझं उत्तर होतं. ‘मी ठणठणीत आहे. तू उगाच दगदग करू नकोस.’ हे मी सगळ्यांना म्हणते, अगदी याच शब्दांत. त्याखाली, ‘बाबांना गोळी दिली का?’ हेही मीच विचारते. रोज संध्याकाळी माझ्या दोन-चार ओळी होत्या. मी सलाइन लावून पडले होते त्या सगळ्या संध्याकाळी. आणि शेवटी, ‘दादाच्या चाफ्याला कीड लागली आहे. सोनेरी औषध आणलं तर वाचेल. मीही आणलं.’

वहिनीने आणलं होतं. तिला गेमवर एक पैसा खर्चायची सवय नव्हती, तिने भाच्याकडून करून घेतलं होतं. तुम्ही सांगितलं म्हणून, म्हणाली.

मी काही बोलणार, तेवढ्यात तिच्या हातातल्या मोबाइलवर फाटक उघडलं आणि पिवळी छत्री घेऊन मी आत आले. गेममध्ये माझ्या बाहुलीकडे पिवळी छत्री आहे. माझा मोबाइल माझ्या पर्समध्ये होता, पर्स माझ्या खांद्याला. आम्ही दोघी खाली बघत होतो आणि मी वहिनीच्या झाडांना पाणी घालत होते. मी कशी घालते ते मला त्या दिवशी कळलं. एका झाडाला घालून जरा थांबते, मागे वळून बघते, मग पुढच्याला. घालून झाल्यावर मी पाटीपाशी गेले आणि लिहिलं, ‘काय चाललंय वहिनी?’

वहिनीने मोबाइल ओट्यावर पालथा ठेवला आणि हात पदराला पुसले. मग हळू आवाजात म्हणाली, “ते आले तर मला वाटलं आत्मा हाय. पण ताई, तुम्ही तर जित्या हायेत. मग तुमचं कोण आलं व्हतं?”

मी तिथूनच कंपनीला लिहिलं, सभ्य इंग्रजीत सुरुवात केली आणि शेवटी सभ्य राहिले नाही. पूर्वीसारखं माणसाचं उत्तर येईल अशी वेडी आशा होती. उत्तर लगेच आलं, गोड, गुळगुळीत, खाली कुणाचं नाव नाही. ‘सोबत’ ही आमची नवी सोय आहे. खेळाडू यायचा थांबला किंवा दुरावत चालला की त्याच्या सवयींवरून त्याची सोबत तयार होते, म्हणजे शेजाऱ्यांना एकटं वाटत नाही. आपण ‘मान्य’ केलेलं आहे. दादा पूर्वी तास तास बागेत असायचा आणि मी त्याच्या खात्यात पाणी घालण्यापुरती जात होते, तेव्हा त्यांच्या लेखी तो दुरावत चालला होता. ही सोय वेगळी बंद करता येत नाही. खातं काढून टाकलं तरच थांबते, आणि खात्याबरोबर बागही जाते.

फाटकाशी कोणतं झाड, पाणी कुठून सुरू करता, शेजारणीला काय लिहिता. ज्या माहितीवर त्यांनी एकदा दादाला त्याची बाग परत दिली, तीच त्यांनी जपून ठेवली होती आणि तिचा दादा बनवला होता. उभ्या हयातीत ज्याने फक्त एका गेमवर विश्वास टाकला, त्याचंच तोंड वापरून ते आता औषध विकणार होते. आणि वहिनीचा त्या कंपनीवर कुठे विश्वास होता? कंपनी म्हणजे काय हे तिला ठाऊकही नव्हतं. विश्वास होता तो माझ्यावर. तोच त्यांनी उचलून वापरला. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मला बसवेना, मी त्या ओट्यावर येरझाऱ्या घालत राहिले.

पण बाग काढून टाकायची म्हणजे गंगेवर दिलेला शब्द मोडायचा. सगळ्यांच्या देखत दिलेला. मी त्या रात्री वहिनीला काहीच म्हणाले नाही. म्हणायची हिंमत नव्हती. तिचं पुन्हा जेवणखाण सुटेल, ती पुन्हा तशीच भिंतीकडे बघत बसेल, हे मला दिसत होतं. मी ठरवलं, चालू दे. खोटं तर खोटं, निदान तिला कुणी विचारतं तरी.

सकाळी चहा झाल्यावर तिनेच विषय काढला. माझ्याकडून कंपनीचं उत्तर पुन्हा मराठीत ऐकून घेतलं, एकेक वाक्य थांबवून. मग दादाचा मोबाइल मागितला. पाणी चुकू नये म्हणून मी तो बरोबर आणला होता. बागेतली झाडं तिने एकदा शेवटपर्यंत बघितली, मागच्या भिंतीपासून चाफ्यापर्यंत. काढून टाकायचं बटण कुठे आहे ते मला दाखवायला लावलं. माझा हात पुढे जाईना, तर तिने तो बाजूला केला.

“शब्द तुम्ही दिला, मोडते मी,” ती म्हणाली. “माझ्या नवऱ्याला काय ते मी सांगेन.”

दादाची बाग गेली. मग तिने स्वतःची काढली, मग माझी. तिन्ही मोबाइल ओट्यावर ओळीने पडले होते. मी रडले. ती रडली नाही, आत जाऊन भाकऱ्या थापायला बसली. दुपारी ती जेवली का हे मी चोरून बघितलं. जेवली.

परतीच्या गाडीत कंपनीचा निरोप आला. खाती बंद झाली, तुम्ही गेल्याचं वाईट वाटतं, वगैरे. आणि खाली, खातं काढलं की थांबेल म्हणणाऱ्यांचीच, एक ओळ होती, की तुमच्या इतर शेजाऱ्यांना तुमची सोबत यापुढेही मिळत राहील. दादाला मागच्या बाजूलाही शेजारी होते, कुठले कुठले, आम्ही त्यांना ओळखतही नव्हतो. त्यांच्याकडे तो जात असणार. मीही जात असणार, छत्री घेऊन. कुणाला काय सांगत असेन, कुणाला काय आणायला लावत असेन, मला कळायचा मार्ग नाही. मी पुन्हा लिहिलं, मग पुन्हा लिहिलं. तीच गुळगुळीत उत्तरं येत राहिली.

आता वहिनी फोन करते. परवा केला. मला जरा सर्दी होती, घसा बसला होता. तिने विचारलं, आवाज असा का. मी सवयीने म्हणाले, मी ठणठणीत आहे, तू उगाच दगदग करू नकोस. पलीकडून काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला. वहिनी, मी म्हटलं, अगं मीच आहे. तिचा श्वास मला ऐकू येत होता.

“असाल,” ती म्हणाली. “मी सकाळच्या गाडीने येते. बघितलं की मग सांगते.”